पावतीचा दुसरा तुकडा

कपडे धुऊन, डाग काढून, इस्त्री करून देणाऱ्या त्या दुकानाला एक रीतसर नाव होतं आणि ते दारावरच्या काचेवर रंगवलेलंही होतं. पण गल्लीत ते कोणी वापरत नसे. सगळे म्हणत, पावतीकाकांचं दुकान. काकांचा नियम एका ओळीचा होता: पावती दाखवा, कपडा न्या. कपडा घेताना ते पावतीचे दोन तुकडे करत. एक गिऱ्हाइकाच्या हातात, दुसरा कपड्याच्या कॉलरला टाचलेला. दोन्हींवर एकच नंबर. तुकडा आणला नाहीत, तर तुम्ही गल्लीचे जुने रहिवासी असा नाहीतर काकांना रोज सकाळी आरशात दिसणारे असा, काका तुम्हाला ओळखत नसत.

नियमाला कारण होतं. दुकान नवीन असताना एक गोडबोल्या माणूस आला, बाहेर गाडी उभी आहे, भाऊ आजारी आहे, त्याचा कातडी कोट द्या म्हणाला, आणि काकांनी दिला. भाऊ आठवड्याने आला, ठणठणीत, आणि त्याला भाऊच नव्हता. त्या कोटाची भरपाई काकांनी खिशातून केली आणि अक्कल जमेला धरली. तेव्हापासून काउंटरवरून एक हातरुमालसुद्धा कधी चुकीच्या हाती गेला नाही.

आता या नियमाला एक उलटी बाजूही होती, आणि ती कोणी काकांच्या लक्षात आणून दिली नव्हती. पावती नसेल तर ते देवालाही कपडा देत नसत. पण पावती आणणाऱ्याला एक अक्षर विचारत नसत. नंबर म्हटला की काकांचा हात आपोआप कपडे टांगलेल्या दांडीकडे जाई. नंबरवाल्या माणसाला ताटकळत ठेवणं त्यांना पाप वाटे.

या नियमाचा सगळ्यात ठसठशीत बळी म्हणजे काकांचा मेहुणा. काकूंचा सख्खा धाकटा भाऊ. मुलीच्या पदवीदान समारंभाच्या सकाळी तो आपला करडा कोट न्यायला आला आणि पावती घरात कुठेतरी हरवलेली. काकांनी त्याला बसवलं, चहा पाजला, गुडघ्याची चौकशी केली आणि कोट दिला नाही. मेहुणा म्हणाला, भाऊजी, हा कोट घेताना दुकानात तुम्हीच होतात की बरोबर. काका म्हणाले, होतो, आणि रंग मीच पसंत केला होता, पावती शोधा. काकू मागच्या खोलीतून सगळं ऐकत होत्या. पण काउंटर काकांचं आणि मागची खोली काकूंची, ही दुकानाची वाटणी लग्नाइतकीच जुनी. ती मोडायला त्या बाहेर आल्या नाहीत. शिवाय भावाला वस्तू जपायची सवय लागली तर त्यांना हवीच होती. मेहुणा समारंभाला विटकरी स्वेटर घालून गेला. तो फोटो त्याने मुद्दाम मोठा करून दिवाणखान्यात लावला आणि आल्यागेल्याला स्वेटरचा इतिहास सांगू लागला.

पावती काही सापडली नाही. मेहुण्याने पण केला की कोट आता मागणार नाही. मात्र दर शनिवारी चहाला येणं त्याने सोडलं नाही. काउंटरसमोरच्या बाकावर तो बसायचा, आणि दांडीच्या टोकाला, बरोबर त्याच्या डोक्यावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याचा कोट लटकत असायचा. दोघांपैकी कोणीच वर बघत नसे.

अशाच एका शनिवारी सकाळी दुकानाच्या कॉम्प्युटरवर बँकेची ईमेल आली.

कॉम्प्युटर हॉटेलवाल्यांच्या टेबलक्लॉथच्या ऑर्डरींसाठी घेतलेला. काका आलेल्या प्रत्येक पत्राला तिथल्या तिथे उत्तर देत, कारण थांबवलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. ईमेलवर बँकेचं चिन्ह होतं, निळा रंग तोच होता. मजकूर असा की, प्रिय ग्राहक, आपल्या खात्यात संशयास्पद हालचाल दिसली असून खाते आजच बंद करण्यात येत आहे. ते चालू ठेवायचं असल्यास खालील बटण दाबून ताबडतोब खात्री करावी. आणि त्याखाली, ठळक अक्षरांत, एक लांबलचक संदर्भ क्रमांक.

काकांना आधी आठवला तो बॉयलर. मागच्या खोलीतला बॉयलर म्हातारा झाला होता. वाफ सोडताना तो असा धापा टाकायचा की नवीन गिऱ्हाईक दचकून मागे बघत. दुरुस्त करणाऱ्याने सांगून ठेवलं होतं की येता हिवाळा हा काढणार नाही. नव्या बॉयलरचे पैसे काका-काकूंनी कित्येक वर्षं कॉलर-कफ घासून त्या एका खात्यात साठवले होते, आणि सोमवारी ते कारखान्याला पाठवायचे होते. खातं बंद, म्हणजे बॉयलर नाही. बॉयलर नाही, म्हणजे वाफ नाही. आणि वाफ नसलेल्या इस्त्रीच्या दुकानात नुसत्या पावत्याच फाडत बसायचं.

पत्र खरं की खोटं, हा प्रश्न काकांना पडला नाही. पडला असता, पण तो नंबर बघितला आणि प्रश्न मिटला. एवढा लांब नंबर कोणी गंमत म्हणून देत नाही. त्यांनी बटण दाबलं.

निळं पान उघडलं. खाते क्रमांक विचारला, काकांनी कार्ड आणि पासबुक समोर ठेवून लिहिला. पासवर्ड विचारला, तोही दिला. मग पानाने सांगितलं की आता तुमच्या फोनवर एक कोड येईल तो इथे लिहा, आणि कोपऱ्यात एक घड्याळ उलटं पळू लागलं.

फोन काकूंकडे होता. तसा फोन काकांकडेही एक असे. पण खिसे तपासण्यात आयुष्य गेलेल्या या माणसाने स्वतःचा फोन तीनदा स्वतःच्याच पँटच्या खिशातून धुलाईच्या मशीनमध्ये घातला होता, तेव्हापासून बँकेत नंबर काकूंचा. तो फोन काकूंच्या एप्रनमध्ये, काकू मागच्या खोलीत एका टेबलक्लॉथशी झुंजत, आणि मध्ये टांगलेल्या शर्टांच्या चार रांगा.

काकांनी काउंटरवरूनच हाक दिली की फोनवर एक कोड येईल, तो जरा मोठ्याने वाच.

मागून आधी बॉयलरची धाप ऐकू आली. मग काकूंचा.

"आलाय. कशाचा आहे हा?"

"बँकेचा. वाच लवकर, वेळ संपतोय."

काकूंना लवकर म्हटलेलं चालत नसे. डाग काढणाऱ्या माणसाने घाई केली की डाग पसरतो, हे त्यांच्या बोटांत मुरलेलं. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि मेसेज वरून खाली वाचायला घेतला. शर्टांपलीकडून त्यांचा आवाज शाळेत धडा वाचल्यासारखा येऊ लागला. आपण खात्यातून पैसे पाठवत आहात. त्यासाठीचा कोड पुढे देत आहोत. हा कोड कोणालाही सांगू नये. बँकेचा कर्मचारी तो कधीही मागणार नाही.

तिथे त्या थांबल्या.

"कोणाला पाठवताय पैसे?"

काका म्हणाले, कोणालाही नाही, खातं बंद होतंय ते चालू ठेवतोय, तू कोड सांग. काकू म्हणाल्या, यात खातं चालू ठेवायचं अवाक्षर नाही, यात पैसे पाठवायचं लिहिलंय. काका म्हणाले, बँकेची भाषा तशीच असते. काकू म्हणाल्या, कोणालाही सांगू नका असंही त्याच भाषेत लिहिलंय. काकांचा आवाज चढला. मी कोणी परका आहे का, नवरा आहे तुझा.

"नवरा तुम्ही आहात हो," शर्ट बाजूला सारत काकू दारात आल्या. "पण मागतंय कोण?"

बाकावरच्या मेहुण्याने चहाचा कप खाली ठेवला. एरवी नवरा-बायकोच्या बोलण्यात तो पडत नसे. चहा तिथलाच असल्याने तटस्थ राहणं परवडत असे. पण आज भाऊजींच्या कपाळावर घाम दिसत होता, आणि काउंटरमागे भाऊजींना घामेजलेलं बघायची संधी त्याला कित्येक महिन्यांत मिळाली नव्हती. तो मान लांब करून पडद्याकडे बघू लागला.

काकांनी पडद्यावरच्या क्रमांकावर बोट ठेवलं. हा बघ नंबर, म्हणाले, हवेतून नाही बोलत मी.

काकूंनी चष्म्यावरून नंबर बघितला, मग नवऱ्याकडे. त्या कॉम्प्युटर वापरत नसत आणि बँकेचं त्यांना फारसं कळत नव्हतं. पण दुकान कळत होतं.

"अहो, नंबर त्याच्याकडे आहे. आपल्याकडचा तुकडा कुठंय?"

काकांनी क्रमांकावरचं बोट उचललं.

त्यांची नजर आपोआप दांडीकडे गेली. तिथे कॉलरीकॉलरीला तुकडे टाचलेले. कोणी उठून काउंटरवर यावं, स्वतःच्या घरी कागदावर स्वतःच्या हाताने एक नंबर लिहून आणावा आणि म्हणावं, हा घ्या नंबर, द्या कोट. तर काकांनी त्याला चहासुद्धा विचारला नसता. नंबराची किंमत नंबरात नसते, जुळण्यात असते. हे त्यांनी शेजारच्या पोरापोरींना, टपालवाल्याला आणि दोनदा पोलिसाला समजावून सांगितलं होतं.

"बाहेर गाडी उभी आहे, भाऊ आजारी आहे," मेहुणा पडद्यावरचं उलटं पळणारं घड्याळ बघत पुटपुटला. "घाई तीच दिसतेय."

काकांनी पुन्हा पत्र उघडलं, आणि आता ते गिऱ्हाईक बघावं तसं बघितलं, वरून खाली. प्रिय ग्राहक. त्यांच्या बँकेने त्यांना प्रिय कधीच म्हटलं नव्हतं. बँक त्यांना पूर्ण नावाने, आडनावासकट आणि काहीशी नाराजीने हाक मारत असे. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर बोट ठेवलं, तर आधी बँकेचं नाव, मग एक टिंब, मग भलतंच काहीतरी, जसं सूट घातलेल्या माणसाच्या पायात स्लीपर असावी. बटणावर न दाबता नुसता बाण नेला, तर खाली आणखी तिसराच पत्ता दिसला. हे सगळं पहिल्यापासून तिथेच होतं. फक्त काका आधी नंबर बघून मोकळे झाले होते.

खात्याचा क्रमांक गेला होता. पासवर्ड गेला होता. कोणीतरी, कुठेतरी, या घटकेला त्यांच्या खात्याच्या दारात उभं राहून आत हात घालत होतं, आणि मध्ये आडवा होता तो फक्त काकूंच्या एप्रनमधला फोन. तो तेवढ्यात पुन्हा वाजला. दुसरा कोड. मग तिसरा. काकूंनी फोन पालथा करून काउंटरवर ठेवला आणि त्यावर साबणाचा डबा ठेवला.

काकांनी दुकानाच्या फोनचा रिसीव्हर उचलला आणि ईमेलच्या तळाशी दिलेला मदत क्रमांक फिरवायला घेतला. तीन आकडे फिरवून झाल्यावर त्यांचा हात स्वतःच थांबला. या वेळी कोणाला काही सांगावं लागलं नाही. तो नंबरही त्याच माणसाच्या कागदावरचा होता. चोराला विचारून चोर कसा सापडणार?

बँकेचा खरा नंबर कार्डाच्या मागे असतो. काकांनी कार्ड उलटं केलं आणि काकूंकडे बघितलं. काकूंनी छताकडे बघितलं.

कार्डाची पाठ आरशासारखी गुळगुळीत होती. हॉटेलच्या टेबलक्लॉथवर मेणबत्तीचं मेण सांडलेलं येतं. ते गार करून अलगद खरवडायला जगात कार्डासारखी दुसरी पातळ, न ओरबाडणारी वस्तू नाही, हा काकूंचा शोध. वर्षभरात त्यांनी शहरातल्या निम्म्या मेजवान्यांचं मेण त्या कार्डाने काढलं होतं, आणि मेणाबरोबर बँकेचा नंबरही.

मग बाकाचा आवाज झाला. मेहुणा उठला, पाकीट काढलं, त्यातून आपलं कार्ड काढलं. बँक तीच. त्याने ते काउंटरवर ठेवलं, नंबरची बाजू वर करून, आणि भाऊजींसमोर सरकवलं.

"घ्या. मी पावती मागत नाही."

या वाक्यासाठी तो एवढे शनिवार थांबला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. काकांनी मान खाली घालून नंबर फिरवला.

पलीकडे एक बाई बोलल्या. काकांनी एका दमात सगळं सांगितलं आणि खातं आत्ताच्या आत्ता गोठवा म्हणाले. बाई म्हणाल्या, गोठवते, आधी आपलं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि खात्यातून शेवटचा व्यवहार कोणता झाला ते सांगा. काका कळवळून म्हणाले, अहो बाई, मीच बोलतोय. बाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, असं सगळेच म्हणतात.

काकांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि बायकोकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "पक्की आहे हं बाई." त्यांच्या आवाजात भीतीपेक्षा आदर जास्त होता. एवढ्या वर्षांत काउंटरच्या पलीकडच्या बाजूला उभं राहायची त्यांची ही पहिलीच वेळ.

शेवटचा व्यवहार साबणाच्या गोण्यांचा होता, तो त्यांना तोंडपाठ होता. बाईंनी पडताळून बघितलं. मग तिकडे कीबोर्डची टकटक झाली आणि निकाल आला. पैसे काढायचा तीनदा प्रयत्न झालाय, कोड न मिळाल्याने एकदाही जमलेला नाही. रक्कम जिथल्या तिथे आहे. खातं आता गोठवलंय, सोमवारी शाखेत या, ओळखपत्र आणा, नवा पासवर्ड आणि नवं कार्ड घेऊन जा, कारखान्याचे पैसे तिथूनच पाठवा. हाच पासवर्ड आणखी कुठे वापरत असाल तर तिथलाही बदला. आणि ते पत्र बँकेकडे पाठवून द्या, म्हणजे इतरांना सावध करता येईल. पुढच्या वेळी असं काही आलं तर पत्र खरं की खोटं यावर डोकं शिणवू नका. त्यातलं काहीच न दाबता आपल्या कार्डावरच्या नंबरावर आम्हाला विचारा. काकांनी कार्डाचा विषय काढला नाही.

रिसीव्हर ठेवल्यावर ते स्टुलावर बसले. काकूंनी साबणाचा डबा उचलून फोन एप्रनमध्ये टाकला आणि बॉयलरकडे बघून म्हणाल्या, काढ आता सोमवारपर्यंत. बॉयलरने धाप टाकून होकार दिला.

मेहुणा पुन्हा बाकावर बसला होता. त्याने काहीही मागितलं नाही. जगातली सगळ्यात महाग वसुली तीच. माणूस काही मागत नाही आणि समोर बसून गार चहा पितो. काकांनी एक वही सरळ केली, पेन उचलून ठेवलं, शर्टाची रांग नीट केली. नियम मोडायचा तर त्यांच्याने होईना, आणि मेहुण्याच्या डोक्यावरचा कोट तर आज नेहमीपेक्षा दुप्पट मोठा दिसत होता. मग बँकेतल्या बाई आठवल्या. बाईंनी तरी त्यांची पावती कुठे मागितली होती? जे फक्त धन्यालाच ठाऊक, तेवढंच विचारलं होतं.

काकांनी काठीने कोट खाली घेतला, काउंटरवर आडवा ठेवला आणि आवाज साफ केला.

"मेहुणे, कोट धुवायला टाकलात तेव्हा आतल्या खिशात काय होतं?"

मेहुण्याचे डोळे चमकले आणि लगेच विझले. त्याने चोरून मागच्या खोलीत ताईकडे बघितलं. डॉक्टरांनी वर्षापूर्वी त्याचं गोड बंद केलं होतं, आणि त्या बंदीची अंमलबजावणी ताईकडे होती.

"काही नव्हतं," तो म्हणाला.

"मग कोट तुमचा नाही," काका म्हणाले, आणि काठी उचलली.

"थांबा हो." मेहुणा पुढे झाला आणि आवाज खाली आणला, इतका की काकांना कान पुढे करावा लागला. "चॉकलेटचे कागद."

"कसले?"

"सोनेरी."

"बरोबर," काका म्हणाले. कॉलरचा तुकडा काढून त्यांनी त्यावर सही घेतली आणि कोट दोन्ही हातांनी पुढे केला.

"एक अख्खंही होतं," मागच्या खोलीतून काकूंचा आवाज आला. "ते मी खाल्लं."

मेहुण्याने ऐकलं न ऐकलंसं करून घाईने कोट चढवला. उन्हाळा होता, पण आज तो कोट घालूनच घरी जाणार होता. बाह्या बरोबर बसल्या, खांदे बसले. बटण मात्र काजापर्यंत पोचेना. त्याने श्वास आत घेतला, पुन्हा ओढून बघितलं. काकू तोवर दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि बटण व काज यांच्यातलं अंतर नजरेने मोजत होत्या.

"धुताना आटला असेल," मेहुणा म्हणाला.

"आमच्याकडे कपडे आटत नाहीत," पावतीकाका म्हणाले.